महेश्वरी लुगडे आणि अहिल्याबाई

आमच्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत एक महेश्वरी लुगडं आहे. आजीच्या लग्नात तिच्या मामाने ते तिला दिलं होतं. गुरुजींनी भित्तिपत्रकासाठी थोर व्यक्तीची माहिती लिहायला सांगितली, तेव्हा आजीने मला अहिल्याबाईंवर लिहायला सांगितलं, कारण हे लुगडं त्यांच्या गावाचं आहे. म्हणून मी पुण्यश्लोक अहिल्याबाई होळकर यांची माहिती लिहीत आहे.

अहिल्याबाईंचा जन्म ३१ मे १७२५ रोजी चौंडी या गावी झाला. हे गाव जामखेड तालुक्यात आहे. जिल्ह्याचे नाव पूर्वी अहमदनगर होते, आता अहिल्यानगर आहे. त्यांच्या वडिलांचे नाव माणकोजी शिंदे होते. ते गावचे पाटील होते. त्या काळी मुलींना शाळा नव्हती, पण माणकोजींनी मुलीला लिहा-वाचायला शिकवले. एकदा मल्हारराव होळकरांचा मुक्काम चौंडीला पडला. तेथल्या देवळात त्यांनी ही मुलगी पाहिली आणि तिला सून करून घ्यायचे ठरवले, असे सांगतात.

१७३३ साली मल्हाररावांचा मुलगा खंडेराव याच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्या आठ वर्षांच्या होत्या. म्हणजे आमच्या शाळेतल्या तिसरीच्या मुलींएवढ्या! मी दहा वर्षांची आहे. मी आजीचं लुगडं नेसून बघितलं तर दारातच पाय अडकून पडले. एवढ्याशा नवरीला लुगडं कसं नेसवलं असेल कोण जाणे.

मल्हाररावांनी सुनेला घरात बसवून ठेवले नाही. हिशेब, पत्रे, तोफखान्याची व्यवस्था अशी कामे ते तिच्यावर सोपवत. त्यांना मालेराव हा मुलगा आणि मुक्ताबाई ही मुलगी झाली. पण १७५४ साली कुंभेरच्या किल्ल्याला वेढा पडला असताना तोफेचा गोळा लागून खंडेराव मारले गेले. अहिल्याबाई सती जायला निघाल्या. मल्हाररावांनी त्यांना फार विनवले आणि थांबवले. पुढे १७६६ साली मल्हारराव वारले आणि १७६७ साली मालेरावही गेले. मग अहिल्याबाईंनी राज्य हातात घेतले.

नवरा गेल्यापासून त्या पांढरे वस्त्रच नेसत. आमच्या वर्गातल्या चित्रात त्या पांढऱ्या लुगड्यात आहेत आणि हातात महादेवाची पिंड आहे. मी पहिलीत होते तेव्हा मला वाटायचं, चित्र रंगवायचं राहून गेलंय.

त्यांनी नर्मदेच्या काठी महेश्वर येथे राजधानी केली. हे गाव मध्य प्रदेशात आहे. तेथे त्यांनी घाट बांधले. काशीला विश्वनाथाचे मंदिर बांधले, आपल्या वेरूळला घृष्णेश्वराचे मंदिर नीट केले. ही माहिती सगळ्यांना असते. पण त्यांनी दुसरीकडचे विणकर बोलावून महेश्वरात वसवले, हे आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. पाहुण्यांना भेट द्यायला चांगली लुगडी आणि पागोटी हवीत आणि गावाला कामधंदाही मिळावा, म्हणून त्यांनी असे केले. पहिल्या लुगड्याची नक्षी त्यांनी स्वतः सांगितली होती, असे लोक सांगतात.

ही नक्षी किल्ल्याच्या आणि घाटाच्या दगडावर कोरलेली आहे. तीच काठात विणतात. एका काठात विटा असतात, एकात चटई, एकात हिरा आणि एकात नर्मदेच्या लाटा. पदरावर पाच पट्टे असतात, तीन रंगीत आणि दोन पांढरे. पूर्वी ही लुगडी सुती असत. आता उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा घालतात. आधी धागा रंगवतात, मग ताणा करतात. ताण्याचा एकेक धागा फणीतून ओवावा लागतो, मग हाताने धोटा इकडून तिकडे टाकत विणतात. एक धागा चुकला तरी काठातली वीट वाकडी होते. सगळ्यात मोठी गंमत म्हणजे काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. उलटी बाजू कुठली आणि सुलटी कुठली, ते मला काही ओळखू आले नाही. आजीलापण नाही.

एवढी रंगीत लुगडी महेश्वरात विणली जायची, नवऱ्यामुली ती नेसायच्या, आणि ज्यांनी माग आणले त्या स्वतः पांढऱ्यात. मी आजीला विचारलं की त्यांना नेसावंसं वाटलं नसेल का. आजी काहीच बोलली नाही. आजोबा गेल्यापासून ते लुगडं पेटीतच आहे, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मुक्ताबाईचे लग्न यशवंतराव फणसे यांच्याशी झाले. प्रजेला त्रास देणाऱ्या दरोडेखोरांचा जो बंदोबस्त करील त्याला मुलगी देईन, असे अहिल्याबाईंनी जाहीर केले होते. ते काम यशवंतरावांनी केले, अशी गोष्ट आहे. पण १७९१ साली यशवंतराव वारले. मुक्ताबाई सती जायला निघाली. अहिल्याबाईंनी पुष्कळ विनवले, पण मुलीने ऐकले नाही. स्वतःला सासऱ्यांनी थांबवले होते, पण मुलीला त्यांना थांबवता आले नाही. हे ऐकून माझी आजी रडली. मला मुक्ताबाईचा राग आला आणि वाईटपण वाटलं.

१३ ऑगस्ट १७९५ रोजी महेश्वर येथे अहिल्याबाईंचे निधन झाले. महेश्वरात अजून माग चालतात. खूप बायका विणायचं काम करतात.

आजीचं लुगडं आता मधून विरलं आहे. आजी ते गोधडीत घालणार आहे. पण काठ अजून चांगला आहे. तिने त्यातला वीतभर तुकडा मला कापून दिला. तो मी या कागदाच्या खाली डिंकाने लावला आहे. फक्त वरची कडा चिकटवली आहे. ज्यांना बघायचे त्यांनी उलटून बघावे, विटांची नक्षी आहे. ओढू नये.