न चुकणाऱ्या ठिणगीचा शिल्पकार

मे महिन्यात जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. धुळ्याहून पारोळा, एरंडोलमार्गे जळगावकडे निघालेली एखादी जुनी पेट्रोल मोटार पहाटेच्या गारव्यात सुरळीत धावते. पण ऊन तापले आणि पुढच्या मालमोटारीला ओलांडण्यासाठी वेग वाढविला, की ती अडखळू लागते. झटके देते, मधूनच सायलेन्सरमधून फटाका वाजल्यासारखा आवाज काढते. तासभर लिंबाच्या सावलीत उभी केली, की जणू काही घडलेच नाही अशा थाटात पुन्हा चालू होते. गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. वैद्य दारात आला की दुखणे पळावे, तशी ही गाडी मेकॅनिकपुढे उभी राहिली की शहाण्यासारखी वागते. कायमचा बिघाड शोधणे सोपे असते. अधूनमधून होणारा बिघाड अनुभवी कारागिराचीही परीक्षा पाहतो.

मेकॅनिक पान्याने प्लग काढतो आणि उजेडात धरून त्याचा रंग पाहतो. या प्लगवर आपल्याकडे कित्येक वर्षे ‘मायको’ हे नाव असे. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत याच कंपनीचा कारखाना उभा राहिला आणि त्र्यंबक रस्त्यावरील चौक ‘मायको सर्कल’ म्हणून ओळखला जाऊ लागला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बदलून ‘बॉश’ झाले. खरे तर ते तिच्या मूळ पुरुषाचेच नाव होते. ज्या ठिणगीच्या चुकण्याने खान्देशातील वाहनचालक आजही हैराण होतो, तिचे चुकणे थांबविण्यात ज्याच्या आयुष्याची उमेदीची वर्षे गेली, त्या रॉबर्ट बॉश या जर्मन कारागिराची ही कहाणी.

बॉश यांचा जन्म २३ सप्टेंबर १८६१ रोजी जर्मनीतील उल्म शहराजवळच्या आल्बेक या खेड्यात झाला. बारा भावंडांतील ते अकरावे. वडील शेती करीत आणि खानावळवजा पांथशाळा चालवीत. शाळा संपल्यावर रॉबर्ट यांनी उल्ममध्ये सूक्ष्म यंत्रकामाची उमेदवारी केली; परंतु तेथील उस्तादाचे कामाकडे व शिकाऊ मुलांकडे लक्ष नसे. ही सल त्यांच्या मनात कायम राहिली. पुढे स्वतःच्या कारखान्यात त्यांनी शिकाऊ कामगारांच्या प्रशिक्षणाला जे महत्त्व दिले, त्याचे मूळ या अनुभवात होते. त्यानंतर निरनिराळ्या ठिकाणी नोकऱ्या करीत ते १८८४ मध्ये अमेरिकेत गेले. तेथे एडिसन यांच्या कारखान्यात आणि नंतर इंग्लंडमध्ये सीमेन्स बंधूंकडे काम करून ते मायदेशी परतले.

१५ नोव्हेंबर १८८६ रोजी त्यांनी श्टुटगार्ट येथे छोटी कार्यशाळा उघडली. सोबतीला एक कारागीर आणि एक पोऱ्या. दूरध्वनी बसविणे, विजेच्या घंटा जोडणे, मिळेल ती दुरुस्ती करणे असा तो व्यवसाय होता. आमदनी तुटपुंजी आणि कर्जाची चिंता मोठी, अशी बरीच वर्षे गेली. गिऱ्हाइकांकडे लवकर पोहोचता यावे म्हणून ते सायकलवरून शहरभर हिंडत.

१८८७ मध्ये एका गिऱ्हाइकाने गॅस इंजिनासाठी ठिणगी पाडणारे यंत्र मागितले. ड्यूट्झ कारखान्याच्या इंजिनावर तसे साधन होते. बॉश यांनी ते पाहिले, त्याचे पेटंट नसल्याची खात्री करून घेतली आणि सुधारणा करून स्वतःचे यंत्र घडविले. हेच मॅग्नेटो. लोहचुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे हलविले की त्यात वीज निर्माण होते. त्या विजेचा प्रवाह सिलिंडरच्या आत अचानक तोडला की ठिणगी पडते. मात्र ही योजना एका जागी उभ्या असलेल्या, संथ चालणाऱ्या इंजिनांसाठी होती.

मोटारीचा प्रश्न निराळा होता. डाइम्लर यांच्या गाडीत ज्वालेने तापविलेली नळी इंधन पेटवीत असे. त्यात आगीची भीती होती. बेंझ यांच्या गाडीत बॅटरी व कॉइल होती. पण बॅटरी लवकर उतरे. दूरच्या प्रवासाला निघालेला माणूस गाडीतून परत येईल की बैलजोडी लावून, याची खात्री नसे. त्या पिढीतील मोटारकर्त्यांना ठिणगी हेच सर्वांत मोठे कोडे वाटे.

१८९७ मध्ये ब्रिटनमधील उद्योजक फ्रेडरिक सिम्स यांनी द दियाँ-बूताँ कंपनीच्या तीनचाकी गाडीला मॅग्नेटो बसविण्याचे काम बॉश यांच्याकडे सोपविले. ते इंजिन वेगाने फिरणारे. जुना मॅग्नेटो त्याला पुरा पडेना. येथे बॉश यांचे सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी दोषाचे मूळ नेमके हेरले. जड वेटोळे इतक्या जलद हलविणे शक्य नव्हते. म्हणून त्यांनी वेटोळे स्थिर ठेवले आणि त्याच्याभोवती धातूची हलकी नळी हलती केली. युक्ती सफल झाली. पुढे १९०२ मध्ये, बॉश यांच्याच कार्यशाळेत उमेदवारी केलेल्या गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग सिद्ध केला. सिलिंडरमधील हलते सांधे गेले; प्लगच्या बारीकशा फटीतून ठिणगी उडी घेऊ लागली.

हे दोन्ही शोध बॉश यांच्या स्वतःच्या हातचे नव्हते, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांचे मोठेपण वेगळे होते. बहुतेक वेळा चालणारे यंत्र त्यांना चालत नसे. ते प्रत्येक वेळी चालले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. निकृष्ट माल विकून पैसा मिळविण्यापेक्षा पैसा गेलेला बरा, अशी त्यांची धारणा होती. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याला सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. त्यांतील काही चुकल्या तरी प्रवाशाला झटका जाणवतो. अशा हिशेबात ‘बहुतेक वेळा’ या शब्दांना अर्थच उरत नाही.

मिसिंगचा शोध आजही याच शिस्तीने घ्यावा लागतो. प्लगचे टोक बदामी असेल तर ज्वलन ठीक. काजळीने काळे असेल तर इंधन जास्त किंवा ठिणगी दुबळी. पांढरे पडले असेल तर प्लग फार तापतो आहे. गाडी तापल्यावरच दोष दिसत असेल, तर संशय कॉइल व कंडेन्सरवर जातो, कारण उष्णतेने आतले वेष्टन दगा देते. पावसाळ्यातच दिसत असेल, तर तारा आणि डिस्ट्रिब्युटरच्या टोपीत ओल शिरलेली असते. अंधारात बॉनेट उघडल्यास तारेवरून निसटणारी निळी ठिणगी कधी कधी डोळ्यांनीही दिसते. प्लगच्या चिनी मातीतील केसासारखी चीर वेग वाढविल्यावरच उघडी पडते. खात्रीचा उपाय एकच : संशयित भाग दुसऱ्या सिलिंडरला लावून पाहायचा. दोष त्याच्यामागे गेला तर चोर सापडला. नाही तर शोध पुढे चालू. ज्याचे पोट भाड्याच्या गाडीवर आहे, त्याला अंदाजाने एकामागून एक भाग बदलणारा मेकॅनिक परवडत नाही. आजच्या गाडीतील संगणक कोणत्या सिलिंडरमध्ये ज्वलन चुकले ते सांगतो. ते का चुकले, हे मात्र माणसालाच शोधावे लागते.

व्यवसाय भरभराटीला आला तसा बॉश यांचा हिशेब यंत्रांपुरता राहिला नाही. १९०६ मध्ये कारखान्यातून एक लाखावा मॅग्नेटो बाहेर पडला. त्याच वर्षी त्यांनी आठ तासांचा कामाचा दिवस लागू केला. थकलेल्या हाताकडून अचूक काम होत नाही, हा त्यामागील व्यवहारही होताच. तरीही १९१३ मध्ये संप झाला आणि तो घाव त्यांना खोल लागला. पहिल्या महायुद्धात मिळालेला नफा स्वतःजवळ ठेवणे त्यांना पटले नाही. त्यातील मोठा भाग त्यांनी लोकोपयोगी कामांसाठी दिला. १९२१ मध्ये दीर्घ आजाराने एकुलता मुलगा गेला. त्यातून सावरत त्यांनी डिझेल इंजिनाचा प्रश्न हाती घेतला आणि १९२७ मध्ये इंधन फवारणारा पंप बाजारात आणला. डिझेल इंजिनात प्लग नसतो. तेथे वेळेवर पडणारी फवार हीच ठिणगी. ट्रक, ट्रॅक्टर आणि शेतातल्या पंपांच्या रूपाने बॉश खान्देशच्या शिवारात पोहोचले, ते या वाटेने.

आयुष्याची अखेर काळोखी होती. हिटलरची राजवट त्यांना मान्य नव्हती. त्यांनी व त्यांच्या निकटच्या सहकाऱ्यांनी छळ झालेल्या ज्यूंना मदत केली, राजवटीचे विरोधक कार्ल गोर्डेलर यांना सल्लागार म्हणून आसरा दिला. परंतु त्याच काळात त्यांचे कारखाने जर्मन युद्धयंत्रणेला साहित्य पुरवीत होते आणि तेथे हजारो वेठबिगार राबविले गेले. अचूकतेचा ध्यास घेतलेल्या या माणसाच्या चरित्रातील ही चूक झाकता येत नाही. १२ मार्च १९४२ रोजी श्टुटगार्ट येथे त्यांचे निधन झाले. ज्या राजवटीचा त्यांना तिटकारा होता, तिनेच त्यांची अंत्ययात्रा शासकीय इतमामात काढली.

आज कंपनीची बहुतांश मालकी त्यांच्या नावाच्या धर्मादाय संस्थेकडे असून आरोग्य, शिक्षण यांसाठी तिचा पैसा वापरला जातो. बॉशच्या प्रत्येक खोक्यावर एक वर्तुळ आणि त्यात एक आकृती असते. ती मॅग्नेटोच्या वेटोळ्याची आहे. १९१८ मध्ये होनोल्ड यांनीच ती रेखाटली. पुढच्या उन्हाळ्यात महामार्गालगतच्या गॅरेजात मेकॅनिक नवा प्लग खोक्यातून काढील, तेव्हा ते चिन्ह जरूर पाहावे. अर्थात जुन्या प्लगचा रंग पाहूनच तो नवा बसवितो आहे ना, हेही.