जोसेफ मॅझिनी

नेपोलियनच्या पाडावानंतर, सन १८१४-१५ मध्ये, युरोपातील राजे व त्यांचे मंत्री व्हिएन्ना शहरी जमले. ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख हा त्या परिषदेचा सूत्रधार होता. फ्रेंच राज्यक्रांतीने उलथून पाडलेली राजघराणी पुन्हा गादीवर बसवावी व लोकसत्तेच्या विचाराला कोठेही थारा देऊ नये, असे त्यांचे धोरण होते. त्यांनी इटलीचे अनेक तुकडे केले. लोंबार्डी व व्हेनिस ऑस्ट्रियाने घेतले. जिनोआ हे जुने प्रजासत्ताक पीडमाँटच्या राजाला देण्यात आले. जिनोआच्या लोकांना कोणी विचारलेही नाही.

याच जिनोआत २२ जून १८०५ रोजी जोसेफ मॅझिनीचा जन्म झाला. त्याचे वडील वैद्यकशास्त्राचे प्राध्यापक होते. सन १८२१ मध्ये पीडमाँटमध्ये झालेला उठाव ऑस्ट्रियाच्या फौजेच्या साहाय्याने मोडण्यात आला. पराभूत देशभक्त परदेशी जाण्यासाठी जिनोआच्या बंदरात आले. त्यांच्यासाठी रस्त्यात मदत मागितली जात असलेली, आईबरोबर चाललेल्या मॅझिनीने पाहिली. देशासाठी आपणही झगडले पाहिजे, हा विचार त्या दिवशी त्याच्या मनात रुजला. पुढे देशाच्या दुःखाची खूण म्हणून तो काळा पोशाख घालू लागला.

कायद्याची पदवी घेतल्यावर तो एका गुप्त मंडळात सामील झाला. सन १८३० मध्ये त्याला पकडून साव्होनाच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. सुटका होताच त्याने देशत्याग केला आणि १८३१ मध्ये फ्रान्समधील मार्सेय येथे ‘तरुण इटली’ ही संस्था स्थापिली. इटली एक व्हावी, स्वतंत्र व्हावी आणि तेथे प्रजेचे राज्य यावे, हे तिचे ध्येय होते. संस्थेची पत्रके मालात लपवून इटलीत पोहोचविली जात.

परंतु १८३३ मध्ये कट उघडकीस आला. अनेक तरुण प्राणांस मुकले. बालमित्र याकोपो रुफिनी याचा तुरुंगात अंत झाला. मॅझिनीलाही त्याच्या गैरहजेरीत देहदंड फर्मावण्यात आला. आपल्या शब्दाखातर इतके जीव गेले. आपण चुकलो तर नाही ना, या शंकेने त्याला ग्रासले. शेवटी त्याने मनाशी ठरविले, की पराभवाने कर्तव्य संपत नाही.

लंडनमध्ये त्याने दारिद्र्यात दिवस काढले. तरीही १८४१ मध्ये, रस्त्यावर बाजा वाजवून पोट भरणाऱ्या इटालियन मुलांसाठी त्याने मोफत शाळा काढली.

सन १८४८ मध्ये युरोपभर क्रांतीचा वणवा पेटला. मेटरनिखलाच व्हिएन्ना सोडून पळावे लागले. पुढील वर्षी रोममध्ये प्रजासत्ताक स्थापन झाले आणि मॅझिनी त्याच्या तीन प्रमुखांपैकी एक झाला. सत्ता हाती असूनही तो एका लहानशा खोलीत राहत असे. पण पोपची सत्ता परत आणण्यासाठी फ्रेंच फौज चालून आली. गॅरिबाल्डीने शर्थीने नगर लढविले. तरी जुलै १८४९ मध्ये रोम पडले.

सन १८६१ मध्ये इटलीचे राज्य उभे राहिले आणि १८७० मध्ये रोमही त्यात आले. देश एक झाला, पण गादीवर राजाच होता. म्हणून मॅझिनीचे समाधान झाले नाही. १० मार्च १८७२ रोजी पिसा येथे तो मरण पावला. ज्या देशासाठी त्याने जन्म वेचला, त्याच देशात तो अखेरीस खोटे नाव घेऊन राहत होता.

त्याचे विचार मात्र दूरवर पोहोचले. सन १९०७ मध्ये विनायक दामोदर सावरकर यांनी ते मराठीत आणले, तेव्हा इंग्रज सरकारने त्या पुस्तकावर बंदी घातली. सन १९४६ मध्ये इटलीच्या जनतेने मतदान करून राजेशाही दूर केली व प्रजासत्ताक स्वीकारले. मॅझिनीचे उठाव एकामागून एक फसले होते. त्याचे ध्येय मात्र चौऱ्याहत्तर वर्षांनी सिद्धीस गेले.