सत्तेची हाव वाईट असं लिहिणारा सेनेका १३ वर्षं नीरोच्या महालात काय करत होता?

इन्स्टाग्राम उघडलं की दिवसाआड एक तरी अशी रील समोर येतेच. मागे संथ म्युझिक, संगमरवरी पुतळ्याचा फोटो आणि त्यावर जगावं कसं हे सांगणारं एक वाक्य. खाली नाव असतं, सेनेका.

राग आवरा, पैशामागे धावू नका, वेळ वाया घालवू नका, मरणाला घाबरू नका, असं बरंच काही हा माणूस जवळपास २००० वर्षांपूर्वी लिहून गेला. पण हे लिहिणारा सेनेका रोमच्या सगळ्यात श्रीमंत माणसांपैकी एक होता, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही. तो सम्राट नीरोचा गुरू होता. आणि नीरोने सख्ख्या आईला मारलं तेव्हा ते कसं बरोबर होतं हे सांगणारं पत्रही त्यानेच लिहून दिलं होतं.

त्यात भर म्हणजे, सत्तेची हाव माणसाला कुठवर नेते यावर त्याने नाटकं लिहिली. आज जगभर शोकांतिका म्हणून जो प्रकार ओळखला जातो, त्यावर या नाटकांची मोठी छाप आहे.

मग हा माणूस ज्ञानी होता की ढोंगी? त्यासाठी गोष्ट पहिल्यापासून बघायला लागेल.

दम्याचा पेशंट ते दरबारी वक्ता

सेनेकाचा जन्म इसवी सनाच्या सुरुवातीच्या आसपासचा. गाव कोर्दुबा, म्हणजे आजच्या स्पेनमधलं कोर्डोबा. घर पैसेवाल्यांचं, वडील वक्तृत्वाचे जाणकार. लहानपणीच त्याला मावशीने रोमला आणलं. दम्याने तो आयुष्यभर हैराण होता. तरुणपणी त्याला तत्त्वज्ञानाचं इतकं वेड लागलं की वर्षभर त्याने मांसाहार सोडला. पण तेव्हा रोममध्ये परक्या पंथांवर सरकारची नजर होती आणि मांस न खाणं हे त्या पंथांचं लक्षण मानलं जाई. वडिलांनी सांगितलं आणि पोराने गुपचूप मांस खायला सुरुवात केली.

ही गोष्ट छोटी वाटेल, पण लक्षात ठेवा. तत्त्व एका बाजूला, सरकारची मर्जी दुसऱ्या बाजूला, अशी वेळ आली की सेनेका काय करतो हे इथेच दिसतं.

पुढे तो सिनेटमध्ये गेला आणि भाषणांनी गाजला. सम्राट कॅलिगुलाला त्याची प्रसिद्धी खुपायला लागली. डिओ हा इतिहासकार सांगतो की कॅलिगुलाने त्याला मारायचं ठरवलंही होतं. पण हा आजारी माणूस तसाही फार दिवस जगणार नाही, असं एका बाईने सम्राटाला सांगितलं आणि सेनेका वाचला.

८ वर्षं एका बेटावर

इ.स. ४१ मध्ये क्लॉडियस सम्राट झाला. त्याच वर्षी कॅलिगुलाची बहीण ज्युलिया लिव्हिला हिच्याशी अनैतिक संबंध असल्याचा आरोप सेनेकावर झाला. या आरोपामागे क्लॉडियसची बायको मेसालिना होती. सेनेकाला कॉर्सिका बेटावर हद्दपार केलं. काही दिवसांपूर्वीच त्याचा लहान मुलगा गेला होता.

तिथून त्याने आईला धीर देणारा लेख पाठवला. माणूस कुठेही असला तरी त्याचं मन त्याच्यासोबत असतं, त्यामुळे हद्दपारी ही शिक्षाच नाही, असा त्याचा सूर. त्याच काळात त्याने क्लॉडियसच्या दरबारातल्या पॉलिबियस नावाच्या वजनदार माणसालाही एक लेख लिहिला. निमित्त होतं पॉलिबियसचा भाऊ गेल्याचं. पण त्यात सम्राटाची इतकी लाळघोटी स्तुती होती की वाचताना आजही अवघडायला होतं. सरळ सांगायचं तर तो परत बोलवा म्हणून केलेला अर्ज होता.

अर्ज काही मंजूर झाला नाही.

आईला हवा होता मुलासाठी शिक्षक

इ.स. ४९ मध्ये पारडं फिरलं. मेसालिना मारली गेली होती आणि क्लॉडियसने ॲग्रिपिनाशी लग्न केलं होतं. ॲग्रिपिनाला आपला पहिल्या नवऱ्यापासूनचा मुलगा गादीवर बसवायचा होता. तोच नीरो. ११ वर्षांच्या या पोराला शिकवायला नावाजलेला माणूस हवा म्हणून तिने सेनेकाला परत आणलं.

५ वर्षांनी, इ.स. ५४ मध्ये क्लॉडियस मेला. अळंबीतून विष दिलं असं रोममध्ये उघड बोललं जायचं. नीरो १६ वर्षांचा होता. त्याने क्लॉडियसला श्रद्धांजली वाहणारं भाषण केलं, ते सेनेकाने लिहून दिलेलं. आणि मेलेला क्लॉडियस देव व्हायच्या ऐवजी कसा हास्यास्पद ठरतो, याची टर उडवणारं पुस्तकही सेनेकाच्याच नावावर आहे.

पहिली काही वर्षं मात्र कारभार खरंच बरा चालला. सम्राटाच्या रक्षकदलाचा प्रमुख बर्रस आणि सेनेका या दोघांनी मिळून राज्य सांभाळलं. आपण इथे आहोत म्हणून पोरगं ताब्यात आहे, असं सेनेकाला वाटत असणार. ते अगदीच खोटंही नव्हतं.

एकेक पायरी खाली

इ.स. ५५ मध्ये क्लॉडियसचा सख्खा मुलगा ब्रिटानिकस जेवता जेवता कोसळला. त्याचं १४ वं वर्षही पूर्ण नव्हतं. गरम पेय आधी नोकराने चाखलं होतं, पण ते गार करायला जे पाणी घातलं त्यात विष होतं. नीरोने शांतपणे सांगितलं की याला फिट येते. जेवण पुढे चालू राहिलं.

यानंतर थोड्याच काळात सेनेकाने नीरोसाठी दयेवर एक ग्रंथ लिहिला. राजाच्या अंगी दया का हवी, हे त्यात फार सुंदर सांगितलं आहे. आणि नीरोच्या हाताला रक्त लागलेलं नाही अशी तारीफही केली आहे.

सोबत पैसा येत होता. इ.स. ५८ मध्ये सुइलियस नावाच्या विरोधकाने जाहीर विचारलं की ४ वर्षांत ३० कोटी सेस्टर्स कोणत्या तत्त्वज्ञानातून मिळाले? सेस्टर्स म्हणजे रोमचं नाणं. प्रश्न विचारणारा हद्दपार झाला. डिओ तर सांगतो की सेनेकाकडे हस्तिदंती पायांची ५०० टेबलं होती, आणि ब्रिटनमधल्या लोकांना दिलेलं ४ कोटींचं कर्ज त्याने एकदम परत मागितल्यामुळे तिथे बंड पेटायला मदत झाली. डिओ सेनेकावर खार खाऊन लिहितो, त्यामुळे आकडे जपून घ्यायचे. पण श्रीमंती खोटी नव्हती.

सेनेकाने यावर एका पुस्तकात उत्तर दिलं. आपण चांगुलपणाबद्दल लिहितो, स्वतःबद्दल नाही, आणि आपण अजून शहाणे झालेलो नाही, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे अशा माणसाला कोरडा पाषाण म्हणतात. फरक एवढाच की या पाषाणाला आपण कोरडे आहोत हे माहीत होतं.

ती रात्र

इ.स. ५९. नीरोला आता आईचा जाच नको होता. त्याने समुद्रात मोडून पडेल अशी नाव बनवून घेतली आणि ॲग्रिपिनाला त्यात बसवलं. नाव मोडली, पण बाई पोहत किनाऱ्याला लागली.

घाबरलेल्या नीरोने मध्यरात्री सेनेका आणि बर्रसला बोलावलं. टॅसिटस या इतिहासकाराने हा प्रसंग लिहून ठेवला आहे. दोघंही बराच वेळ गप्प होते. मग सेनेकाने बर्रसकडे पाहिलं आणि विचारलं की सैनिकांना हुकूम द्यायचा का? बर्रस म्हणाला की राजघराण्याशी इमान राखणारे सैनिक हे करणार नाहीत, ज्याने नावेचं काम अंगावर घेतलं त्यानेच ते पुरं करावं. त्याच रात्री ॲग्रिपिनाला मारण्यात आलं.

ॲग्रिपिना म्हणजे सेनेकाला बेटावरून परत आणणारी बाई.

सिनेटला पत्र गेलं की तिने सम्राटाच्या खुनाचा कट रचला होता. पत्र नीरोच्या नावाने होतं, पण लेखणी कुणाची हे सगळ्यांनी ओळखलं. टॅसिटस सांगतो की लोकांनी नीरोला नावं ठेवणंही सोडून दिलं, कारण त्याचा क्रूरपणा बोलण्यापलीकडे गेला होता. नावं ठेवली ती सेनेकाला.

नाटकात तो काय लिहीत होता?

सेनेकाच्या नावावर १० नाटकं आहेत, त्यातली ८ नक्की त्याची मानतात. त्यातलं थायेस्टीस बघा. ॲट्रियस राजा आहे आणि त्याचा भाऊ थायेस्टीस हद्दपार आहे. राजा त्याला अर्ध्या राज्याचं आमिष दाखवून परत बोलावतो. थायेस्टीसला आतून कळत असतं की साधं जगणंच बरं होतं, महालात जाऊ नये. तरी तो जातो. ॲट्रियस त्याच्या मुलांना मारतो, शिजवतो आणि बापालाच जेवायला वाढतो. ते पाहून सूर्यसुद्धा मागे फिरतो.

हद्दपारीतून परत येणारा माणूस, महालाचं बोलावणं, धोका दिसत असूनही आत पाऊल टाकणं. नाटक नक्की कोणत्या वर्षीचं यावर एकमत नाही, पण बरेच अभ्यासक ते नीरोच्या काळातलं धरतात. तसं असेल तर सेनेकाला गोष्ट शोधायला लांब जायची गरज नव्हती.

गंमत म्हणजे नीरो स्वतः स्टेजवर गायचा. त्याच्या भूमिकांमध्ये आईला मारणारा ओरेस्टीसही होता.

बाहेर पडायचा दरवाजा बंद

इ.स. ६२ मध्ये बर्रस मेला आणि सेनेका एकटा पडला. त्याने नीरोला विनंती केली की सगळी संपत्ती घ्या आणि मला मोकळं करा. नीरोने मिठी मारली, गोड बोलला आणि नाही म्हणाला. सेनेकाने आभार मानले. तो लोकांत मिसळायचा थांबला आणि तब्येतीचं कारण सांगून घरात राहू लागला. रोमच्या मोठ्या आगीनंतर, इ.स. ६४ मध्ये, त्याने पुन्हा सुटका मागितली, पुन्हा नकार. विषाच्या भीतीने तो रानफळं आणि वाहतं पाणी यांवर राहायला लागला.

याच काळात त्याने मित्राला पत्रं लिहिली. त्यातली १२४ आज आपल्याकडे आहेत, आणि रीलवरची बरीच वाक्यं तिथलीच आहेत. म्हणजे जी शांती आपण शेअर करतो, ती विषाला घाबरून जगणाऱ्या म्हाताऱ्याने लिहिली आहे.

इ.स. ६५ मध्ये नीरोविरुद्ध पिसोचा कट उघडकीला आला. सेनेका त्यात होता याचा पक्का पुरावा नव्हता, तरी मरणाचा हुकूम आला. सेनेकाने मृत्युपत्र करायची परवानगी मागितली, ती नाकारली गेली. मग जमलेल्या मित्रांना तो म्हणाला की आता माझ्याकडे द्यायला माझं आयुष्यच उरलं आहे. आणि आई-भावाला मारणाऱ्याने गुरूला मारलं यात नवल ते काय, असंही त्याने विचारलं. अखेर तो गरम पाण्याच्या वाफेत गुदमरून गेला. बायको पॉलिनालाही सोबत मरायचं होतं, नीरोच्या हुकमाने तिला वाचवलं. ३ वर्षांनी नीरोनेही आत्महत्या केली.

मग त्याचं काय मानायचं?

१५८१ मध्ये सेनेकाच्या नावावरची दहाही नाटकं इंग्रजीत छापली गेली. शेक्सपिअरच्या टायटस अँड्रॉनिकसमध्ये आईला तिच्याच मुलांचं मांस खायला घालतात, ते थायेस्टीसचंच वळण. सत्तेसाठी एक खून आणि तो पचवायला पुढचे खून, ही मॅकबेथची चालही सेनेकाच्या नाटकांना ओळखीची आहे.

सेनेकाला राक्षस म्हणता येत नाही. त्याने स्वतः कुणाला मारलं नाही. प्रत्येक वेळी त्याच्याकडे थांबायचं एक कारण होतं. मी नसलो तर आणखी वाईट होईल, हे त्यातलं सगळ्यात मोठं. सुरुवातीला ते खरं होतं. मग ते किती खरं उरलंय हे बघायचं त्याने सोडून दिलं, आणि जेव्हा बघितलं तेव्हा दरवाजा बंद झाला होता.

पुढच्या वेळी सेनेकाची रील आली तर लाइक जरूर करा. वाक्यं चांगलीच आहेत. फक्त ती लिहिणाऱ्यालाही ती पाळता आली नव्हती, एवढं ध्यानात असू द्या.