दगडावर कोरलेली कबुली

मुलांनो, तुम्ही उर्दू उजवीकडून डावीकडे लिहिता. सुमारे २२५० वर्षांपूर्वी आपल्या उपखंडात अशीच लिहिली जाणारी एक लिपी होती. तिचे नाव खरोष्ठी. आज पाकिस्तानात असलेल्या शाहबाजगढी या गावी खडकांवर या लिपीतले लेख आहेत. ते सम्राट अशोकाने कोरवून घेतले. त्यांतला तेरावा लेख फार वेगळा आहे. राजे आपले पराक्रम दगडावर कोरवतात, हे तुम्हांला ठाऊक असेलच. या लेखात मात्र राजाने आपली चूक कोरवली आहे.

अशोक हा चंद्रगुप्त मौर्याचा नातू आणि बिंदुसाराचा मुलगा. त्याची राजधानी पाटलिपुत्र, म्हणजे आजचे पाटणा. इ.स.पूर्व २६८ च्या सुमारास त्याला राज्याभिषेक झाला. अफगाणिस्तानापासून कर्नाटकापर्यंत त्याची सत्ता होती. पूर्व किनाऱ्यावरचा कलिंग देश मात्र स्वतंत्र होता. आजच्या ओडिशाचा बराचसा भाग त्यात येत असे. राज्याभिषेकाला आठ वर्षे झाली, तेव्हा अशोकाने कलिंगावर स्वारी केली आणि तो देश जिंकला.

पुढे काय झाले, ते त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. दीड लाख माणसे कैद करून दूर नेली गेली. एक लाख माणसे मारली गेली. त्यांच्या कितीतरी पट माणसे नंतर मेली. हे आकडे शत्रूने दिलेले नाहीत, जिंकणाऱ्यानेच दिले आहेत! एवढ्यावर तो थांबला नाही. जी माणसे स्वतः वाचली, त्यांचेही आप्तमित्र संकटात सापडले, म्हणून तीही दुःखी झाली, हे त्याने नमूद केले. या सर्वांचा आपल्याला पश्चात्ताप होतो, असे त्याने उघड सांगितले. एवढ्या बलाढ्य राजाला जाब कोण विचारणार होते? तो गप्प राहिला असता, तरी चालले असते.

पण अशोकाला देव समजू नका. त्याने कलिंग परत दिला नाही. त्याच लेखात जंगलातल्या लोकांना त्याने बजावले, की मला पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या हाती बळ आहे. आणखी एक गोष्ट ऐका. कलिंगात धौली आणि जौगड येथे त्याचे लेख आहेत. त्यांत हा तेरावा लेख नाही. तेथे त्याने निराळे लेख कोरवले. सगळी प्रजा माझ्या मुलांसारखी आहे, कोणाला विनाकारण तुरुंगात टाकू नका, अशी ताकीद त्याने अधिकाऱ्यांना दिली. ज्यांची घरे उजाड झाली, त्यांच्याच दारात ती कबुली का कोरली नाही? जखमेवरची खपली काढायची नव्हती, की बंडाची भीती वाटली? तुम्हांला काय वाटते?

मला स्वतःला त्याचा पहिला लेख फार आवडतो. पूर्वी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात रोज लाखो प्राणी मारले जात, असे त्यात म्हटले आहे. लेख कोरताना ती संख्या तीनवर आली होती : दोन मोर आणि एक हरिण, तेही रोज नाही. पुढे हेही तीन मारले जाणार नाहीत, असे त्याने लिहिले. सगळे आजच बंद झाले, असे खोटे सांगणे किती सोपे होते!

सहाव्या लेखात त्याने हुकूम दिला, की मी जेवत असलो, अंतःपुरात असलो किंवा बागेत असलो, तरी प्रजेचे काम मला त्याच वेळी सांगा.

इ.स.पूर्व २३२ च्या सुमारास अशोक वारला. हळूहळू त्याची लिपीही लोक विसरले. चौदाव्या शतकात सुलतान फिरोजशहा तुघलकाने अशोकाचे दोन स्तंभ मोठ्या काळजीने दिल्लीला आणवले. त्यांवरचे लेख ब्राह्मी लिपीत होते. त्याने विद्वानांना बोलावले, पण कोणालाच ते वाचता आले नाहीत. अखेर १८३७ साली जेम्स प्रिन्सेप याने ब्राह्मी लिपी उलगडली.

आपल्या महाराष्ट्रातही सोपारा येथे अशोकाच्या लेखांचे तुकडे मिळाले. आठव्या लेखाचा तुकडा १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांना सापडला, नवव्याचा १९५६ साली मिळाला. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात गेलात, तर सोपाऱ्याचा हा दगड जरूर पाहा. कलिंगाची कबुली सांगणारा तेरावा लेख मात्र तेथे अजून मिळालेला नाही.