रेव्हरंड टिळकांची शेवटची दोन वर्षे



मागच्या रविवारी मिस्सा संपल्यावर आपल्या धर्मग्रामातील एका आजींनी आम्हाला विचारले, की धर्मगुरू रिटायर झाला म्हणजे नक्की काय करतो. आम्ही काहीतरी गुळमुळीत बोलून वेळ मारून नेली. प्रश्न मात्र डोक्यातून गेला नाही. वयाची ७५ वर्षे पूर्ण झाली की धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूने बिशपांकडे राजीनामा द्यावा, अशी ख्रिस्तसभेच्या कायद्याची विनंती आहे. बिशपांनी तो स्वीकारला की पद सुटते. गुरुदीक्षेचा ठसा सुटत नाही, तो कायमचा असतो. मग उरलेल्या दिवसांचे काय?

मेथडिस्ट बांधवांमध्ये एक चांगली रीत आहे. त्यांच्या वार्षिक परिषदेत निवृत्त पाळकांची आणि त्या वर्षी वारलेल्यांची नावे घेऊन आठवण केली जाते. जॉन वेस्लींच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, मृत पाळकांची नोंद परिषदेच्या वृत्तांतात होत आली आहे. आपण त्यांच्याकडून ही सवय उसनी घ्यावी असे आम्हाला वाटते. आज सुरुवात करतो ती रेव्हरंड नारायण वामन टिळकांपासून. ते मेथडिस्ट नव्हते, आपले कॅथलिकही नव्हते. ते अमेरिकन मराठी मिशनचे पाळक होते, ज्या मिशनचे काम आपल्या सोलापुरातही होते. पण मराठीत प्रभूचे गाणे गाणारा कोणताही ख्रिस्ती माणूस त्यांना परका नाही.

टिळकांचा जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. घराणे चित्पावन ब्राह्मणाचे, संस्कृतचा अभ्यास चांगला, स्वभाव तापट आणि पाय एका जागी न ठरणारा. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने जाताना एका सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन कित्येक वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या परत आल्या आणि १९०० साली त्यांनीही प्रभूला स्वीकारले. टिळकांना १९०४ मध्ये पाळकपदाची दीक्षा मिळाली. अहमदनगरला (आजचे अहिल्यानगर) शिकवणे, राहुरीला काम, १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी भागाचे संपादन, बालकवी ठोमऱ्यांसारख्या पोरक्या जिवाला घरात आसरा, असे त्यांचे जीवन भरगच्च होते. हे सर्व आपणांस थोडेफार ठाऊक आहे.

आम्हाला आज सांगायचे आहे ते १९१७ सालाविषयी. टिळक तेव्हा पंचावन्नच्या आसपास होते. नाव झालेले, मिशनमध्ये मान, महिन्याचा पगार. अशा वेळी माणूस निवृत्तीचा हिशेब मांडतो. टिळकांनी उलटेच केले. मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला जाऊन राहिले. परदेशी मिशनच्या पगारावर राहणारा पाळक आपल्याच लोकांना परका वाटतो, ही गोष्ट त्यांना फार दिवस टोचत होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते मानत. पंढरपूरच्या फाट्यावर राहणाऱ्या आपल्या टेंभुर्णीकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. वारीच्या दिवसांत खिशात दिडकी नसलेला माणूसही कसा चालतो, हे आपण दरवर्षी पाहतो.

साताऱ्यात त्यांनी देवाचा दरबार सुरू केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचे ते बंधुमंडळ होते; बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही त्यात असावेत अशी कल्पना होती. त्यावर त्या काळी पुष्कळ चर्चा झाली. आम्हीही येथे टिळकांशी पूर्ण सहमत नाही. बाप्तिस्मा हा दाराचा उंबरठा आहे. दार मोठे करायचे म्हणून उंबरठाच काढून टाकावा, हे आम्हाला पटत नाही. तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला भेद करायला शिकवले गेले: तारणाची इच्छा वेगळी आणि तारणाचा संस्कार वेगळा. पण मग आम्ही स्वतःला विचारतो, की चर्चच्या भिंतीबाहेर उभे राहून प्रभूवर प्रेम करणाऱ्या माणसासाठी आम्ही काय केले? टिळकांनी निदान त्याला बसायला जागा दिली.

या त्यागाची किंमत कोणी मोजली, हेही सांगितले पाहिजे. पाळक संन्यास घेतो तेव्हा चूल पेटवायची असते ती घरातल्या बाईला. टिळकांच्या हातात पैसा टिकत नसे. दारी आलेल्याला ते द्यायचे आणि पुढचे निस्तरायच्या लक्ष्मीबाई. स्मृतिचित्रे वाचताना आपल्याला हसू येते, पण त्या हसण्याखाली एका बाईची ओढाताण आहे. आम्हा ब्रह्मचारी धर्मगुरूंना त्याग तसा सोपा पडतो. आमच्यामागे उपाशी राहणारे कोणी नसते.

टिळकांना साताऱ्यात फार दिवस मिळाले नाहीत. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांनी देह ठेवला. दफनाऐवजी आपले दहन व्हावे अशी त्यांची इच्छा होती, आणि ती पाळली गेली. दरबार त्यांच्यामागे फार काळ टिकला नाही. ख्रिस्तायन हे प्रभूच्या जीवनावरचे मोठे काव्य तर अर्धेसुद्धा झाले नव्हते.

ते लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. लग्नानंतर नवऱ्याकडून अक्षरओळख झालेल्या या बाईंनी त्यातले बहुतेक अध्याय स्वतः रचले. १९३६ साली त्या वारल्या, तोवर त्यांचे हे काम चालूच होते.