लीलावतीचे भास्कराचार्य

भगिनींनो, गणिताचे नाव काढले की आपल्यापैकी पुष्कळजणी पदराआड हसतात आणि म्हणतात, आमचा हिशेब किराणाच्या यादीपुरता. माझे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरीही यंदाच्या स्मरणिकेसाठी मी एका गणितज्ञाचे चरित्र निवडले आहे. आपल्या महाराष्ट्राच्या मातीत वावरलेल्या या विद्वानाने आपल्या ग्रंथाच्या आरंभी कवड्या, तराजू आणि धान्याची मापे मांडली, आणि ग्रंथाला नाव दिले ते लीलावती, एका स्त्रीचे. ते म्हणजे भास्कराचार्य.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मध्ये झाला. हे साल त्यांनी स्वतःच ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. त्यांचे गोत्र शांडिल्य. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले विज्जलविड हे आपले गाव असल्याचे ते सांगतात. हे गाव नेमके कोणते, याबद्दल विद्वानांत मतभेद आहेत. कोणी आपल्या मराठवाड्यातले बीड म्हणतात, कोणी विजापूर म्हणतात, तर कोणी चाळीसगावजवळचे पाटण मानतात. त्यांच्या घराण्याची विद्या पाटणला नांदत होती, याला मात्र शिलालेखाचा भक्कम पुरावा आहे. त्या काळी आपल्या भागावर कल्याणीच्या चालुक्यांचे राज्य होते. देवगिरीच्या यादवांचा उदय व्हायचा होता.

त्यांचे गुरू म्हणजे त्यांचे वडील महेश्वर. घरातच ज्योतिषाची विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. वयाच्या ३६ व्या वर्षी, म्हणजे इ. स. ११५० मध्ये, भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणि हा ग्रंथ पुरा केला. त्याचे चार भाग आहेत: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पुढे उतारवयातही त्यांची लेखणी थांबली नाही. इ. स. ११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल लिहिले.

लीलावती उघडली की आधी रोजच्या व्यवहाराची कोष्टके येतात. वीस कवड्यांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. पुढे भुंगे आणि कमळे, मोर आणि साप, वाऱ्याने मोडलेला वेळू, अशी गमतीची उदाहरणे येतात. आणि त्यांतली काही एका स्त्रीला उद्देशून, बाला म्हणून, लाडाने विचारलेली. बाजारहाट करणाऱ्या बाईला त्यातले निम्मे जग ओळखीचे वाटावे असे ते पुस्तक आहे.

ही लीलावती कोण? आपण लहानपणी ऐकलेली गोष्ट अशी की, ती भास्कराचार्यांची मुलगी. तिच्या लग्नाच्या मुहूर्तासाठी घटिकापात्र मांडले होते. ती वाकून पाहू लागली तेव्हा अंगावरचा एक मोती त्यात पडला, भोक बुजले आणि मुहूर्त टळून गेला. मग पित्याने तिचे नाव अमर करण्यासाठी ग्रंथ लिहिला. गोष्ट डोळ्यांत पाणी आणणारी आहे. पण ती आढळते अकबराच्या दरबारातील फैजीने १५८७ साली केलेल्या फारसी भाषांतरात, म्हणजे चारशेहून अधिक वर्षांनंतर. भास्कराचार्यांनी स्वतः असे काही लिहिलेले नाही. लीलावती कन्या होती, पत्नी होती की केवळ कल्पनेतली शिष्या, हे कोणी ठरवू शकलेले नाही. इतके मात्र खरे की, गणित शिकवताना त्यांना समोर बसलेली स्त्री दिसत होती.

भास्कराचार्यांचे सर्वांत मोठे काम बीजगणितात आहे. आपण ते रांगोळीच्या ठिपक्यांवरून समजून घेऊ. १२ ओळींत प्रत्येकी १२ ठिपके असा चौकोन काढा. तसाच आणखी एक काढा. दोन्ही मिळून २८८ ठिपके झाले. त्यात एक ठिपका वाढवला की २८९ होतात, आणि त्यांचा बरोबर १७ ओळींचा एक मोठा चौकोन बसतो. एकही ठिपका उरत नाही, एकही कमी पडत नाही. आता दोनऐवजी ६१ सारखे चौकोन घ्या आणि त्यात एक ठिपका वाढवून एकच मोठा चौकोन करा. प्रत्येक लहान चौकोनात किती ओळी हव्यात?

करून पाहू गेल्यास आयुष्य पुरणार नाही. सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० ओळींचे आहे, आणि मोठ्या चौकोनाच्या ओळी होतात १,७६,६३,१९,०४९. दोन ठिपक्यांत एका सेंटिमीटरचे अंतर ठेवले तरी मोठ्या चौकोनाची एक बाजू १७,६६० किलोमीटरहून लांब होईल. हे उत्तर भास्कराचार्यांनी आठशेहून अधिक वर्षांपूर्वी काढले.

त्यांच्या रीतीला चक्रवाल म्हणतात. चक्र म्हणजे चाक. जात्यात भरड दळून पुन्हा घातली की अधिक बारीक पीठ पडते, तशी ही रीत आहे. ६१ ला १ ने गुणून ३ मिळवले की ६४ होतात, तो ८ चा वर्ग. पण आपल्याला मिळवायचा आहे १, आणि इथे लागले ३. म्हणून आणखी एक फेरा. ५ चा वर्ग २५, त्याची ६१ पट १५२५, त्यातून ४ वजा केले की १५२१, तो ३९ चा वर्ग. असे जवळचे उत्तर हाती धरून, उरलेल्या फरकाचाच उपयोग करून पुढचे उत्तर काढायचे. शेवटी नेमका १ येतो. ही विद्या त्यांना आयती मिळाली नव्हती आणि त्यांनी ती एकट्याने निर्माणही केली नव्हती. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्तांनी पाया घातला, जयदेव नावाच्या गणितज्ञांनी चाक फिरवले, आणि भास्कराचार्यांनी ती रीत सुबक करून उदाहरणांसह मांडली. हाच ६१ चा प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ साली युरोपातल्या पंडितांपुढे ठेवला. असे उत्तर नेहमी सापडतेच, हे लाग्रांजने अठराव्या शतकात सिद्ध केले.

आता त्यांच्या घराकडे वळू. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव राजा जैत्रपालाने पाटणहून बोलावून नेले आणि पंडितांत अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हे सिंघण राजाचे ज्योतिषी झाले. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांनी पाटणला मठ काढला. इ. स. १२०७ च्या सुमारास निकुंभ घराण्यातील सोन्हदेवाने त्या मठाला दान दिले. तो शिलालेख पाटणच्या देवीच्या मंदिरात सापडला आणि डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो १८६५ साली प्रसिद्ध केला. त्याचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. बाजारात विकायला येणाऱ्या मालावरचा हिस्सा मठाला द्यावा, आणि प्रत्येक घाण्यामागे एकेक पळी तेल द्यावे, असे त्यात आहे. म्हणजे गावातल्या तेलाच्या पळीवर गणिताचा दिवा जळत होता.

त्या शिलालेखात घराण्यातल्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या पुरुषांची नावे कोरली आहेत: त्रिविक्रम, गोविंद, प्रभाकर, मनोरथ, महेश्वर आणि पुढचे. पण ज्ञानाचा वारसा सांगताना त्यांत एकाही स्त्रीचे नाव नाही. ज्या ग्रंथाची पाने बाला म्हणत हाक मारतात, त्या ग्रंथाच्या मठात बाला कुठे बसली असेल, हे दगड सांगत नाही. मला या चरित्रातली हीच गोष्ट सर्वांत जास्त बोचते.

ठिपक्यांचा विषय तिथेच संपला नाही. आपल्या अर्धापूरच्या केळीच्या बागेत सारख्या अंतरावर रोपे असतात. एका रोपाला पाच अंतरांइतकी दोरी बांधून वर्तुळ फिरवले, तर आत आणि कडेवर मिळून ८१ रोपे येतात. क्षेत्रफळाचा हिशेब सांगतो सुमारे ७८.५. वर्तुळ वाढत गेले की हा फरक जास्तीत जास्त कितपत वाढतो, याचा जर्मनीच्या गाउसने विचार केला, आणि त्याचा पूर्ण निकाल आजही लागलेला नाही. आजचे गणिती सगळी रांगोळीच एका बाजूने ताणतात, दुसऱ्या बाजूने आवळतात, आणि ठिपके फिरत फिरत कुठे जातात ते पाहतात. भास्कराचार्यांच्या ६१ च्या उदाहरणातली रांगोळी योग्य कोनात मांडून अशी ताणत नेली, तर ती फिरून पुन्हा पहिल्यासारखीच होते. त्या फेऱ्यातच उत्तर असते. चाकाचे नाव किती सार्थ होते पाहा!

या विषयात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मोठे काम झाले. तिथले श्रीकृष्ण गोपाळराव दाणी यांनी रशियाच्या मार्गुलिस यांच्यासह त्यात भर घातली. त्याच संस्थेतल्या रघुनाथन यांनी या फिरणाऱ्या ठिपक्यांविषयी एक अनुमान मांडले होते. ते कोणाला सुटत नव्हते. १९९०-९१ च्या सुमारास ते सोडवले मारिना रॅटनर यांनी. मॉस्कोत जन्मलेल्या आणि अमेरिकेत शिकवणाऱ्या या बाई तेव्हा पन्नाशी ओलांडलेल्या होत्या. २०१७ साली त्या निवर्तल्या.

म्हणून भगिनींनो, भास्कराचार्यांची आठवण ठेवायची ती नुसत्या अभिमानासाठी नको. त्यांच्या नातवाने आजोबांची विद्या टिकावी म्हणून मठ उभारला आणि गावाने तेल दिले. आपल्या घरातली मुलगी दहावीनंतर गणित घेते म्हणाली, तर तिला काय करायचे आहे गणित, असे म्हणून तिच्या हातात लाटणे देऊ नका. तिच्या वाटची पळीभर का होईना, मदत करा. आठशे वर्षांपूर्वीच्या पुस्तकातला प्रश्न तिलाच विचारलेला आहे.