धानाच्या हजारो वाणांचे राखणदार डॉ. रिछारिया

रायपूर : फवारणीची गरजच कमी पडेल असे धान शेतकऱ्याच्या हाती असावे, या आग्रहापायी पद गमावणारे भातशास्त्रज्ञ म्हणून डॉ. आर. एच. रिछारिया यांचे नाव छत्तीसगडमध्ये आजही आदराने घेतले जाते.

१९०९ मध्ये जन्मलेल्या रिछारिया यांनी केंब्रिज विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली. १९५९ मध्ये ते कटक येथील केंद्रीय भात संशोधन संस्थेचे संचालक झाले. १९६६ मध्ये फिलिपिन्सच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ‘आयआर-८’ हे बुटके वाण प्रसारित केले. पुरेशा तपासणीविना असे वाण आणल्यास नवे रोग व किडी देशात शिरतील, असा इशारा रिछारिया यांनी दिला. परिणामी त्यांना सक्तीने निवृत्त करण्यात आले. त्याविरुद्ध ते न्यायालयात लढले. पुढे तपकिरी तुडतुडे व टुंग्रो रोगापुढे आयआर-८ दुबळे ठरले आणि शेतात कीटकनाशकांचा वापर वाढत गेला.

ही विषे किडीपुरती मर्यादित राहत नाहीत. ऑरगॅनोफॉस्फेट गटातील औषधे अॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर निकामी करतात. त्यामुळे मज्जातंतूंचा संदेश थांबत नाही. घाम व लाळ सुटते, बाहुल्या आकुंचन पावतात, स्नायू थरथरतात आणि अखेर श्वास बंद पडू शकतो. दीर्घकाळ संपर्काचा संबंध स्मरणशक्तीच्या तक्रारींशी, तर काही कीटकनाशकांचा कंपवाताशी अभ्यासकांनी जोडला आहे. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले.

१९७१ पासून रायपूरच्या मध्य प्रदेश भात संशोधन संस्थेत रिछारिया यांनी गावोगावचे धान गोळा केले. सतरा हजारांहून अधिक नमुन्यांच्या या संग्रहात भरघोस उतारा देणारी, दुष्काळ सोसणारी आणि किडींना तोंड देणारी देशी वाणे होती. आदिवासी शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या केलेली निवड हेच खरे संशोधन, अशी त्यांची धारणा होती. काही वर्षांतच संस्था बंद झाली व संग्रह कृषी विद्यापीठाकडे गेला.

१९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांनी जमवलेला ठेवा आज रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात जतन केला असून तेथील प्रयोगशाळेला त्यांचे नाव आहे. कीडप्रतिकारक वाण शोधणाऱ्या संशोधकांना तो आजही उपलब्ध आहे. पंप पाठीवर घेण्याची वेळ जितकी कमी येईल, तितका फवारणाऱ्याचा मेंदू सुरक्षित राहील.